काटकसरीची थोरवी

खर्च कमी करणे हा नागरी सद्गुण आहे, याबद्दल आपल्यात दुमत नसावे. रस्ता करताना डांबर वाचवले, शाळा चालवताना शिक्षक वाचवले, की आपण कुरकुरतो. त्यामागची तळमळ समजून घेत नाही. कलेच्या प्रांतात मात्र आपण अधिक उदार आहोत. तिथे कमी पैशात उभ्या राहिलेल्या कामाचे आपण मनापासून कौतुक करतो आणि पैसे नेमके कुणाच्या वाट्याचे वाचले, हे विचारण्याचा कद्रूपणा करत नाही. ही आपली सवय चांगली आहे. तिला एका आदर्श उदाहरणाचा आधार मिळावा, म्हणून हा लेख.

उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि जुने असले तरी शिळे नाही. 1999 साली ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ नावाचा चित्रपट आला. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे त्याचे लेखक-दिग्दर्शक; दोघेही फ्लोरिडातल्या विद्यापीठात चित्रपट शिकलेले आणि खिशाने हलके. चित्रीकरणाचा खर्च 60 हजार डॉलरच्या आसपास सांगितला जातो. काही जण त्याहूनही कमी सांगतात. जगभरातली कमाई 24 कोटी 80 लाख डॉलरच्या वर गेली. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की चित्रपटविषयक कुठल्याही शिबिरात टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की वक्ता घोटभर पाणी पितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आपण आज या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत जरा थांबू, कारण खरी कारागिरी तिथेच झाली आहे.

गोष्ट साधी आहे. ऑक्टोबर 1994. हेदर, जोश आणि माइक हे तीन विद्यार्थी मेरीलँड राज्यातल्या बर्किट्सव्हिल गावाजवळच्या रानात, एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जातात. चालतात, चुकतात, भांडतात. नकाशा सापडेनासा होतो. मग कळते, की वैतागलेल्या माइकनेच तो लाथेने ओढ्यात उडवला. होकायंत्र धरून दिवसभर दक्षिणेला चालावे, तरी पाय पुन्हा जुन्याच ओंडक्यापाशी येतात. रात्री तंबूबाहेर आवाज होतात. आधी जोश नाहीसा होतो, मग बाकीचे दोघे. वर्षभराने त्यांनी टिपलेले चित्रीकरण सापडते आणि तेच आपण पाहतो आहोत, असा बनाव. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणजे तिचे कपडे, तिची रंगभूषा, तिचा जेवणाचा डबा, सगळे वाचले. दंतकथाही कुणाकडून विकत घ्यावी लागली नाही. ती दिग्दर्शकांनी स्वतःच रचली होती. भीतीसुद्धा प्रेक्षकाने घरूनच आणायची होती. काटकसर म्हणतात ती ही.

पण ही झाली किरकोळ बचत. घाऊक बचत माणसांच्या निवडीपासून सुरू झाली. चाचणीला आलेल्या कलाकाराने खोलीत पाऊल टाकले की त्याला सांगण्यात येई: नऊ वर्षांच्या शिक्षेपैकी सात वर्षे तू भोगली आहेस, तुला पॅरोलवर का सोडावे, ते सांग. जो अडखळला, तो बाहेर. उत्स्फूर्त अभिनयाची परीक्षा म्हणून या प्रश्नाची वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. माझ्या मते मात्र त्यात एक दुर्मीळ सचोटीही आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे याची इतकी रोखठोक कल्पना पहिल्याच भेटीत देणारा निर्माता विरळा. शिक्षेचा अंदाज थोडा कमी धरला गेला, एवढेच. निवड झाली ती हेदर डॉनह्यू, जोशुआ लिओनार्ड आणि मायकेल विल्यम्स या तिघांची.

त्यांच्या हाती जी संहिता होती, ती पस्तीसेक पानांचा आराखडा होता. प्रसंग होते, संवाद नव्हते. संवाद कलाकारांनी जागच्या जागी बोलायचे. कॅमेरेही त्यांनीच चालवायचे: एक व्हिडिओ कॅमेरा आणि एक 16 मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा. आवाज त्यांनीच मुद्रित करायचा आणि हे सगळे पाठीवर मारून डोंगर-ओढे त्यांनीच पार करायचे. संवादलेखक, छायालेखक, ध्वनिमुद्रक, हमाल आणि नट अशी पाच कामे या पद्धतीने तीन माणसांत बसली. आपल्या जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार प्रत्येकाला सुगीला वेगळे बलुते काढून द्यावे लागे. इथे कसब पाच प्रकारचे, पण खळ्यावर हात पसरून उभी माणसे तीनच. लेखनाचे श्रेय मात्र दिग्दर्शकांच्या नावावर लागले. त्यात गैर काही नाही. बोलणे तिघांचे असले, तरी आराखड्याचा कागद दिग्दर्शकांचा होता.

चित्रीकरण ऑक्टोबर 1997 मध्ये, आठ दिवसांत आटोपले. बरेचसे मेरीलँडमधल्याच सेनेका क्रीक या उद्यानाच्या रानात. निर्मात्यांपैकी ग्रेग हेल यांना सैन्यातल्या प्रशिक्षणाचा अनुभव होता. प्रशिक्षणार्थीला रानात सोडायचे, ‘शत्रू’ त्याच्या मागावर ठेवायचा, झोप आणि अन्न तोडायचे, म्हणजे माणूस आतून कसा उघडा पडतो ते कळते. हे राष्ट्ररक्षणासाठी विकसित झालेले शास्त्र कलेच्या कामी लावण्याची कल्पकता इथे दिसली. कलाकारांना जीपीएस यंत्राच्या आधारे पुढच्या ठिकाणी पोहोचायचे असे. तिथे क्रेटमध्ये त्यांच्यासाठी चिठ्ठ्या ठेवलेल्या असत. प्रत्येकाची वेगळी, एकाची दुसऱ्याला न दाखवायची. खाणेही तिथेच ठेवलेले असे, दिवसागणिक थोडे कमी. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारातून येऊन तंबू गदागदा हलवत आणि लहान मुलांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवत.

काही हळव्या माणसांना हे वाचून कसेसे होईल. त्यांनी हिशेब समजून घ्यावा. उपाशी, थकलेला, भेदरलेला माणूस उभा करायला कसलेल्या नटाला वर्षांची साधना लागते, आणि साधना झालेला नट त्याचे पैसे लावतो. म्हणजे भुकेचा अभिनय महाग आणि भूक स्वस्त. निर्मात्याने अभिनयाऐवजी भूकच विकत घेतली, तर मानधन वाचते आणि शिधाही वाचतो. दुहेरी बचतीचे असे उदाहरण अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातही सहज मिळणार नाही. शिवाय सगळे माणुसकीला धरून होते. भूमिकेतून बाहेर यावेसे वाटले तर उच्चारायचा एक सांकेतिक शब्द ठरलेला होता. अनेक नोकऱ्यांत तोही नसतो.

या तंत्रातून वीसेक तासांचे चित्रीकरण जमले आणि त्याचा 81 मिनिटांचा चित्रपट झाला. चेहऱ्याशी विजेरी धरून हेदर सगळ्यांच्या आयांची माफी मागते, तो प्रसंग जगभर गाजला. डोळ्यांतले पाणी, वाहणारे नाक, चौकटीतून अर्धा निसटलेला चेहरा. समीक्षकांनी त्या सच्चेपणाला दाद दिली. सच्चेपणा असणारच. कमी जेवणाचा परिणाम इतका खात्रीशीर असतो, याची नोंद फार आधी व्हायला हवी होती. आपल्या दुष्काळी भागांतून कितीतरी अभिनयसंपदा वाया गेली.

एवढ्यावर थांबले असते, तर ते साधे हुशार लोक ठरले असते. त्यांनी पुढे जाऊन पात्रांना नावे देण्याचाही खर्च वाचवला. कलाकारांची खरी नावेच पात्रांना दिली. पडद्यावर बेपत्ता झालेली हेदर डॉनह्यू ही हेदर डॉनह्यूच होती. सिनेमात चेहरा भाड्याने घेण्याची रीत जुनी आहे. नाव, आडनाव आणि त्या आडनावाची मागे राहिलेली आई, असा संपूर्ण संच एकदम उचलणे ही भांडवल-उभारणीतली नवी पायरी होती. आपल्या दादासाहेब फाळक्यांना ही युक्ती सुचली नाही. चित्रपटाच्या ध्यासापायी त्यांनी स्वतःची विमा पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी राबणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच माउलीने रांधला. भावना थोर, पण व्यवहार कच्चा. स्वतःचे काही गहाण टाकले, की ते सोडवून आणेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्याचे नाव गहाण टाकले, तर झोपेवर तसा परिणाम होत नाही.

नाव हाती आल्यावर त्याचा विनियोगही दूरदृष्टीने झाला. ते मृतांच्या यादीत घालण्यात आले. चित्रपटाच्या संकेतस्थळावर तपासाचे कागद, जुने फोटो, सापडलेली रोजनिशी, असा ऐवज मांडला गेला. तिघांची छायाचित्रे आणि नावे असलेली ‘बेपत्ता’ पत्रके वाटली गेली. चित्रपटांची माहिती देणाऱ्या प्रसिद्ध इंटरनेट सूचीत हे तिघे सुरुवातीला ‘बेपत्ता, बहुधा मृत’ म्हणून नोंदवलेले होते. प्रदर्शनाच्या तोंडावर दूरचित्रवाणीवर खऱ्या माहितीपटासारखा दिसणारा एक कार्यक्रमही आला. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रे येऊ लागली. मुलगी हयात होती ही बाब सोडली, तर त्या पत्रांत आक्षेपार्ह असे काही नव्हते.

यातला व्यावहारिक शहाणपणा पाहण्यासारखा आहे. जिवंत नट प्रसिद्धीच्या कामी फार महाग पडतो. त्याला गाडी लागते, खोली लागते, आणि मुलाखतीत तो काय बोलून जाईल याचा नेम नसतो. मेलेला नट मोजके बोलतो. तो पोस्टरवर आपले नाव कितव्या क्रमांकावर आहे ते पाहत नाही. मुख्य म्हणजे, तो हिशेब मागायला येत नाही. म्हणून सुरुवातीच्या काळात या तिघांना प्रसिद्धीपासून दूरच ठेवण्यात आले. जगातल्या सर्वांत गाजणाऱ्या चित्रपटात काम केले आहे, पण तसे सांगायचे नाही, कारण सांगितले तर आपण मेलेलो नाही हे उघड होईल: इतकी विनम्रता आजच्या कलावंतांत शोधूनही सापडणार नाही.

प्रेक्षक म्हणून आपण सगळ्यांनीही यात वाटा उचलला, हे विसरून चालणार नाही. तेव्हा इंटरनेट नवे होते. पडद्यावर अक्षरे उमटली म्हणजे कुणीतरी खातरजमा केली असणार, असा भाबडा विश्वास होता. त्यानंतर आपण बरीच प्रगती केली. त्या काळच्या माणसाला खोट्यावर विश्वास ठेवण्यासाठी निदान तिकीट काढून रांगेत उभे राहावे लागे. आता ती सोय सकाळच्या चहाआधी, घरपोच आणि विनामूल्य आहे. हलत्या कॅमेऱ्याने काहींना चित्रपटगृहातच ओकाऱ्या झाल्या, काही ठिकाणी तशा सूचना लावाव्या लागल्या. तीन तरुण माणसे मेली आहेत असे समजून पॉपकॉर्न खाताना मात्र कुणाला मळमळल्याचे ऐकिवात नाही. नागरिकांची प्रकृती एकंदरीत उत्तम होती.

बर्किट्सव्हिलचाही फायदा झाला. दीड-दोनशे वस्तीचे हे गाव. चित्रीकरणाचा मोठा भाग तिथे झालाच नव्हता. पण चित्रपट लागल्यावर उत्साही मंडळी गाड्या भरून येऊ लागली आणि न घडलेल्या घटनेच्या खुणा शोधत दफनभूमीत हिंडू लागली. गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या. एक छदाम खर्च न करता गावाचे नाव जगभर झाले, आणि मोबदल्यात फक्त नावाची पाटी गेली. हा सौदा गावकऱ्यांना न विचारता झाला, पण विचारणे ही खर्चाचीच बाब असते. त्यात वेळ जातो.

आता पैशाकडे येऊ. जानेवारी 1999 मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला गेला आणि आर्टिझन एन्टरटेन्मेंट या कंपनीने तो सुमारे 11 लाख डॉलरला घेतला. पुढे जाहिरातीवर कंपनीने कोट्यवधी डॉलर ओतले. यात विसंगती शोधू नये. काटकसरीचे तत्त्व शिध्याला लागू असते, जाहिरातीला नसते. कमाईने 10 कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा कंपनीने कलाकारांची आठवण ठेवली आणि त्यांना फळांची टोपली पाठवली. हे त्या कलाकारांनीच 2024 मध्ये सांगितले, आणि सांगण्याचा सूर दुर्दैवाने कृतज्ञतेचा नव्हता. आपल्याला मात्र ही टोपली परकी वाटू नये. कलावंताचा हिशेब अंगावर येऊ लागला, की त्याच्या खांद्यावर शाल टाकावी आणि हातात नारळ द्यावा, म्हणजे दोन्ही हात गुंतून राहतात, हा आपलाही अनुभव आहे. ज्या माणसांना आठ दिवस मोजून-मापून खायला दिले, त्यांना अखेर फळे पाठवण्यात काव्यगत न्यायही आहे.

हेदरला याखेरीज एक स्वतंत्र सन्मान मिळाला. त्या वर्षीचा सर्वांत वाईट अभिनेत्रीचा ‘रॅझी’ पुरस्कार तिला जाहीर झाला. वरवर पाहता हे विचित्र वाटेल. कारण पडद्यावर नाव तिचे, शब्द तिचे, भीती तिची, आणि बऱ्याच अंशी भूकही तिची. मग अभिनय वाईट म्हणजे नक्की काय वाईट? पण परीक्षकांची बाजू समजून घ्यावी. काही महिन्यांपूर्वी जगाने तिला मृत मानले होते. आता ती नीट मेली नाही, एवढाच अभिप्राय त्यांनी नोंदवला. 2000 साली घाईघाईने दुसरा भाग आला. कलाकारांच्या नावांच्या आणि चेहऱ्यांच्या वापरावरून प्रकरण कोर्टापर्यंत गेले, तडजोडीत मिटले. हेदरने पुढे अभिनय सोडला, आणि काही वर्षांनी कायदेशीर मार्गाने आपले नावच बदलून घेतले. या समंजसपणाचे कौतुक करावे तितके थोडे. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात गेली, तर आरडाओरडा न करता दुसरी घ्यावी, हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे.

एवढा सगळा सुरळीत व्यवहार 2024 मध्ये थोडा बिघडला. आर्टिझन तोवर लायन्सगेट या मोठ्या कंपनीत विलीन झाली होती आणि त्या कंपनीने नव्या ब्लेअर विच चित्रपटाची घोषणा केली. त्यावर तिन्ही कलाकारांनी जाहीर पत्र लिहिले. मागण्या तीन. चित्रपट पुन्हापुन्हा दाखवला, विकला जातो तेव्हा संघटनेच्या नियमाने नटाला जो हिस्सा मिळाला असता, तेवढा मागचा आणि पुढचा मिळावा. आपली नावे आणि चेहरे पुढे कुठे वापरायचे असतील, तर आपल्याला विचारावे. आणि मूळ चित्रपटाच्या खर्चाइतकी, म्हणजे 60 हजार डॉलरची रक्कम, कंपनीने दर वर्षी एखाद्या नवख्या चित्रकर्त्याला अनुदान म्हणून द्यावी.

पहिल्या मागणीबद्दल काय बोलावे? हे काम संघटनेच्या चौकटीबाहेर झाले होते, आणि चौकटीबाहेर असणे हेच तर स्वतंत्र सिनेमाचे भूषण. चौकट आली, की कामाचे तास आले, जेवणाची सुट्टी आली, रात्री तंबू हलवणाऱ्याची जबाबदारी आली. सगळा सच्चेपणा संपला. दुसरी मागणी आपण बर्किट्सव्हिलच्या संदर्भात निकालात काढलीच आहे. तिसरी मागणी मात्र खरोखर काळजीत टाकणारी आहे. पंचवीस वर्षांत या माणसांना व्यवहार कळला नाही, याचा तो पुरावा. स्वतःचे येणे वसूल होण्याआधीच ती ओळखदेख नसलेल्या, पुढे येणाऱ्या पोरांसाठी पैसे मागत आहेत. आणि नवख्या माणसाच्या हाती सुरुवातीलाच पैसे पडले तर तो सोबत्यांना पोटभर जेवू घालेल, मग अशा चित्रपटाचे पुढे काय व्हायचे? त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे, मूळ दिग्दर्शक आणि निर्माते यांनीही कलाकारांच्या पत्राला जाहीर पाठिंबा दिला. ज्यांनी हे शास्त्र सिद्ध केले, त्यांनीच शेवटी कच खावी, हे बघवत नाही.

सुदैवाने शास्त्र त्यांच्यावर अवलंबून राहिलेले नाही. ओरेन पेली यांनी स्वतःच्या घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ चित्रित केला. तो 2007 साली महोत्सवात आणि 2009 साली सर्वत्र झळकला. त्यातही दोन मुख्य पात्रांना कलाकारांचीच खरी नावे होती. परंपरा सुखरूप आहे. कॅमेरे स्वस्त झाले, संगणक स्वस्त झाले, आणि नवी मंडळी हुशार असल्यामुळे त्यांनी माणसांचे भावही त्याच गतीने खाली आणले.

आपणही मागे नाही, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. चार मित्र ट्रेकला जातात आणि धुक्यात काहीतरी घडते, या कथेला सह्याद्रीत जागेचा तोटा नाही. एखादा घाट, एखादी लेणी, पावसाळ्यातला शनिवार-रविवार. फोन येतो: “बजेट नाहीये रे, पण विषय भारी आहे.” मानधनाचे विचारले, तर पलीकडचा आवाज दुखावतो: “आपलीच फिल्म आहे, पैशाचं काय घेऊन बसलास?” मग ठरलेला क्रम. क्रेडिट देऊ. फेस्टिव्हलला जाणार आहे. जेवणाचं आपण बघू. पेट्रोल तेवढं तू टाक. मुलगा किंवा मुलगी जाते, चिखलात दोन रात्री काढते, बूम धरते, कपडे स्वतःचेच आणते, मधल्या वेळात वडापाव वाटते. पुढच्या खेपेला तीच व्यक्ती चाचरत रक्कम सांगते, तेव्हा तिला प्रेमाने आठवण करून दिली जाते: “मागच्या वेळी तर केलं होतंस की.” फुकट केलेले एक काम पुढच्या कामाचा भाव कायमचा ठरवून टाकते, हा शोध आपण कुणाच्या मदतीशिवाय लावला आहे.

या परंपरेला शासनाचा आणि संस्थांचा थोडा आधार मिळाला, तर ती बळकट होईल. प्रत्येक चित्रपटशिबिरात ‘उपासमारीतून उत्स्फूर्तता’ असा एक तास असावा. शिकवणाऱ्याला अर्थात मानधन नसावे. कलाकाराशी करार करताना त्याच्या नावासोबत आई-वडिलांची संमतीही घ्यावी, म्हणजे सांत्वनाची पत्रे योग्य पत्त्यावर जातील. श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’ या सदराला अधिक जागा द्यावी, कारण देण्यासारखे तेच एक उरते आणि त्यावर कर लागत नाही. चित्रपट चालला नाही तर तोटा सगळ्यांनी मिळून सोसावा, यातच संघभावना आहे. चालला, तर संघ त्याच रात्री विसर्जित करावा.

राहता राहिला प्रश्न त्या मुलाचा, जो उद्या एखाद्या दिग्दर्शकाला विचारील, ‘मला यात किती मिळतील?’ हल्लीची मुले विचारतात, त्याला इलाज नाही. अशा वेळी चिडू नये, लाजू नये, आणि चुकूनही रक्कम सांगू नये. त्याला शांतपणे ब्लेअर विचची गोष्ट सांगावी: 60 हजार डॉलर घातले, 24 कोटी 80 लाख आले. हा आकडा ऐकून मुलाचे डोळे विस्फारतात. त्या आनंदात तो दुसरा प्रश्न, म्हणजे कुणाला आले हा, विचारायचा विसरतो, आणि आपले अंदाजपत्रक शाबूत राहते.